उज्ज्वलाचा हात

ज्या दिवशी उज्ज्वला गेली, त्या दिवशी दुपारभर धनाजी भोकरेंना ती मोबाइलवर काम करताना दिसत होती.

ते कराडला पुतण्याच्या लग्नाला गेले होते. उज्ज्वलाचा गुडघा दुखत होता म्हणून ती गावीच राहिली होती. जेवणं झाल्यावर धनाजींनी मांडवाच्या कडेला खुर्ची ओढली आणि ‘पूरवाट’ उघडलं. लेंडवे फरशीच्या पानावर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. खाली ओळ होती, ‘उज्ज्वला भोकरे संपादन करत आहेत.’

त्यांनी शेजारी बसलेल्या चुलतभावाला फोन दाखवला. “बघ. घरचं कार्य सोडून आमच्या बाई ओढ्यात उतरल्यात.”

“फोन लाव की मग. जेवली का विचार.”

“नको बाबा. कामात असताना फोन केला की अंगावर येते.”

तासाभरानं पुन्हा बघितलं तर ठिपका होता. परतीच्या गाडीत बघितलं, तेव्हाही होता. गाडी पेठ नाक्याच्या पुढं आली आणि शेजारच्या चौगुले काकूंचा फोन आला. “भाऊजी, कुठवर आलाय? लवकर या,” एवढंच त्या म्हणाल्या. आवाजावरून काय ते कळलं. तरी धनाजींनी फोन बंद करून आणखी एकदा पान उघडलं. ठिपका हिरवाच होता.

डॉक्टर म्हणाले, जेवणाच्या वेळेआधीच गेल्या असाव्यात, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. ती टेबलावर डोकं टेकून बसलेली होती. समोर पान उघडं होतं म्हणून ठिपका हिरवा होता. माणूस पानापाशी आहे की गेलं, हे कळण्याची सोय त्या ठिपक्यात नव्हती.

पानावर तिनं नवं वाक्य सुरू केलं होतं. ‘फरशीवर यंदा नवा थर टाकला आहे, त्यामुळे खुणेच्या दगडावरची’. वाक्य तिथंच थांबलं होतं.

*

‘पूरवाट’ ही नदीकाठच्या गावांनी मिळून चालवलेली वेबसाइट. एका मोठ्या पुरात माणसं रस्ता चुकून पाण्यात गेली, त्यानंतर ती सुरू झाली. प्रत्येक रस्त्याला, पुलाला, ओढ्यावरच्या फरशीला, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणाऱ्या बुटक्या पुलाला, एक पान. कुठल्या खुणेला पाणी लागलं की कुठला रस्ता बंद होतो, वळसा कुठून घ्यायचा, हे त्या पानावर. बदल कुणीही सुचवावा, पण पानाचा राखणदार ‘मंजूर’ म्हणेपर्यंत तो लोकांना दिसायचा नाही. आणि बदलासोबत कारण लिहिल्याशिवाय पान पुढं सरकायचंच नाही.

कारणाच्या रकान्यात लोक काहीबाही लिहायचे. कुणी ‘सरपंच म्हणाले’, कुणी ‘असं ऐकलं’. पण कुणी ‘स्वतः पाहिलं’ असं लिहिलं की विषय संपला. हा नियम कुठंच लिहिलेला नव्हता, नुसती रीत होती. खोटं ‘स्वतः पाहिलं’ लिहिणाऱ्याला आठवड्याच्या बाजारात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

उज्ज्वला पाटबंधारे खात्यात कारकून होती. पाण्याची पातळी लिहिण्यात तिची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर तिनं या भागातल्या बहुतेक पानांची राखण अंगावर घेतली आणि एस.टी.च्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झालेल्या नवऱ्याला ओढून शेजारी बसवलं.

“तुम्हाला रस्ते माहीत आहेत, मला लिहिता येतं,” ती म्हणाली होती. “दोघांचं मिळून एक माणूस होईल.”

एकाच टेबलावर समोरासमोर बसून दोघं पानाच्या कडेला एकमेकांना शेरे लिहायचे. धनाजींनी लिहावं, ‘रस्ता चांगला आहे.’ तिनं कडेला लिहावं, ‘कुणासाठी? बैलगाडीसाठी की वरातीसाठी?’ मग दोघंही हसायची. बोलायची मात्र नाहीत, कारण बोललं तर ते कारणाच्या रकान्यात येत नाही, असं तिचं म्हणणं.

तिचा एकच दंडक होता. घरातलं भांडण पानावर आणायचं नाही.

आणि घरातलं भांडण एकच होतं. लेंडव्याची फरशी.

मुलीच्या, केतकीच्या वेळी उज्ज्वलाला सातवा लागलेला असताना ती धनाजींच्याच गाडीनं माहेरी निघाली होती. लेंडवे ओढ्याचं पाणी फरशीवरून गुडघाभर वाहत होतं. धनाजींनी काठावर गाडी थांबवली, पाण्याकडं बघितलं आणि पहिला गिअर टाकून सावकाश पार नेली. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. उज्ज्वला पुढच्या थांब्यावर उतरली, ओकली, आणि बाळंत होऊन परत येईपर्यंत नवऱ्याशी धड बोलली नाही.

पुढं दर पावसाळ्यात ते भांडण निघायचं. धनाजी म्हणायचे, “गाडी निघाली का नाही पार?” ती म्हणायची, “गाडीत मी होते.” दोनच वाक्यं. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, केतकीच्या लग्नातसुद्धा. शेवटी शेवटी ती चेष्टाच झाली होती, पण उज्ज्वलानं त्यांचं बरोबर होतं असं एकदाही म्हटलं नाही.

लेंडव्याच्या पानावरचं वाक्य तिचं होतं. ‘पाणी फरशीवर आलं की कोणतंही वाहन नेऊ नये.’ धनाजींनी त्याला कधी हात लावला नव्हता.

या उन्हाळ्यात ठेकेदारानं त्या फरशीवर काँक्रीटचा नवा थर टाकला. काठावरच्या खुणेच्या दगडावर लाल रेघ होती, तिला पाणी लागलं की फरशीवर पाणी आलं असं धरत. आता त्या दगडाचं आणि फरशीचं नातं बदललं होतं, सगळं नव्यानं मोजायला हवं होतं. “लग्नाहून आलात की जाऊ,” उज्ज्वला म्हणाली होती. पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि मोजपट्टी तिनं दाराच्या मागं अडकवून ठेवली होती. नळीला दोन माणसं लागतात. एकानं दगडाशी धरायची, एकानं फरशीशी. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत येतं, त्यावरून उंचीतला फरक कळतो.

*

दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा उज्ज्वलानं ‘हात’ सुरू करून घेतला होता.

तो बनवणाऱ्या कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण गावांत सगळे ‘हात’च म्हणत. त्यामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. माणूस पान दुरुस्त करतं तेव्हा यंत्राजवळ तीन गोष्टी उरतात. आधीचं वाक्य, नंतरचं वाक्य, आणि मधलं कारण. माणसाच्या नुसत्या लिहिण्यावरून त्याची भाषा कळते. पण त्यानं काय खोडलं, काय खपवून घेतलं, कुणाचं ऐकलं आणि कुणाला परत पाठवलं, यावरून त्याचा निवाडा कळतो. उज्ज्वलानं हजारो दुरुस्त्या केल्या होत्या आणि प्रत्येकीला कारण लिहिलं होतं. तेवढ्यावरून यंत्रानं तिच्या निवाड्याचा साचा तयार केला. नवा बदल आला की तो साचा ठरवायचा, इथं उज्ज्वला काय म्हणाली असती. आणि तेच, तिच्याच शब्दांत, तिच्याच नावानं लिहायचा. नावापुढे हाताची एक बारीकशी खूण असायची. ती कुणी बघायचं नाही.

माणूस आजारी पडतं, झोपतं. पाणी झोपत नाही. म्हणून पावसाळ्यात राखणदाराच्या हातानं परस्पर मंजुरी द्यायचीही मुभा होती. माणूस वारलं तर घरच्यांनी तशी नोंद करायची. नोंद झाली की हात कायमचा बंद होतो आणि पानं दुसऱ्या राखणदाराकडं जातात.

धनाजींनी नोंद केली नाही.

सुरुवातीला खरोखर राहून गेलं. मग तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि त्यांनी सवयीनं पूरवाट उघडलं. माळेवाडीच्या कुणीतरी लिहिलं होतं, ‘पुलाचा भराव जरा खचला आहे.’ त्याखाली त्याच सकाळचं उत्तर होतं. उज्ज्वला भोकरे. ‘जरा म्हणजे किती? मोटरसायकलवाल्याचं जरा आणि ट्रकवाल्याचं जरा एक नसतं. टेप लावा आणि आकडा लिहा.’

धनाजी मोठ्यानं हसले. मग रिकाम्या घरात आपलंच हसू ऐकून त्यांना रडू कोसळलं.

“पप्पा, नोंद करायला हवी,” केतकी नाशिकला परत जाताना म्हणाली. “मम्मीच्या नावानं मशीन बोलतंय, मला बघवत नाही.”

“करतो.”

“मी करू का आत्ता? एका मिनिटाचं काम आहे.”

“करतो म्हटलं ना. तू गाडी चुकवशील.”

ती चप्पल घालता घालता थांबली. “तुम्ही त्याच्याशी बोलत नाही ना?”

“मी कशाला बोलतोय,” धनाजी म्हणाले.

*

ते बोलत होते. पण हात हा गप्पा मारायला केलेला नव्हता. ‘कशी आहेस’ विचारलं तर काहीच यायचं नाही. त्याला फक्त पानावरचा बदल समजायचा. बदल चुकीचा असला की तो दुरुस्त करायचा आणि शेरा मारायचा.

तेव्हा धनाजी चुका करायला लागले.

पहिली चूक अगदी बारीक होती. माळेवाडीच्या पुलाला चार कमानी, त्यांनी तीन केल्या. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, ‘चार. चष्मा घाला.’ चष्मा टेबलावरच पडला होता. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी ते पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोतवाडीचं देऊळ ओढ्याच्या अलीकडं आणलं. ‘देव हलवलात. पुजाऱ्याला विचारलंत का?’ तिसऱ्या दिवशी आणखी काही. रोज संध्याकाळी चहा झाला की ते टेबलावर बसायचे, एक चूक करायचे आणि बोलणी खायचे. धोक्याच्या ओळींना ते हात लावत नव्हते. कमानी, देवळं, झाडं, असल्याच चुका. लोकांच्या डोळ्यांसमोर त्या येतही नव्हत्या, कारण मंजूर होण्याआधीच हात त्या खोडायचा.

पूरवाटची तांत्रिक बाजू शकील मुजावर बघायचा. चौकात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. एक दिवस त्यानं धनाजींना आत बोलावून स्टुलावर बसवलं.

“भाऊ, तीस वर्षं गाडी चालवली तुम्ही. आता तुम्हाला चिंच का आंबा कळंना झालंय व्हय?”

“वय झालं.”

“वय माझ्या म्हशीचं पण झालंय, ती गोठा चुकत नाही.” शकील हसला. मग त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “मला कळतंय तुम्ही काय करालाय ते. चाळीसावा होऊ दे, म्हटलं. मग म्हटलं आषाढ लागू दे. वहिनींनी मला लिहायला शिकवलं, माझ्याच्यानं ते बटण दाबवत नाही. पण वर धरण भरत आलंय, भाऊ. पाणी यायच्या आत तुम्ही नोंद करा.”

“करतो,” धनाजी म्हणाले.

*

त्या आठवड्यात शेरे आखडत गेले.

हातालाही अनुभवातून शिकता यायचं. हा माणूस रोज एकाच जातीच्या चुका करतो, त्या निरुपद्रवी आहेत आणि दुरुस्त केल्यावर तो वाद घालत नाही, एवढं त्याच्या साच्यात बसलं. मग त्यावर शब्द कशाला खर्च करा? ‘चार. चष्मा घाला’च्या जागी ‘चार आहेत’ आलं. मग नुसतं ‘दुरुस्त’. मग तेही येईना. चूक लिहिली की खोडली जायची, गवतावरून वारा गेल्यासारखी, मागं काहीच नाही.

धनाजींना घर पुन्हा रिकामं वाटू लागलं. पहिल्या वेळी निदान माणसं होती.

तिला राग येईल असं काहीतरी हवं होतं. आणि उज्ज्वलाला हमखास राग येईल अशी जगात एकच गोष्ट होती.

त्या संध्याकाळी पाऊस लागून होता. त्यांनी लेंडवे फरशीचं पान उघडलं. तिच्या वाक्याच्या जागी त्यांनी सावकाश, एका बोटानं लिहिलं, ‘पाणी गुडघाभर असेपर्यंत जड गाडी पहिल्या गिअरमध्ये सावकाश पार जाते.’ कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘स्वतः नेली आहे.’

ते खोटं नव्हतं. त्यांनी नेली होतीच.

आता ती भडकेल, त्यांना वाटलं. ‘गाडीत मी होते’ असं म्हणेल. ते तीन शब्द वाचायला मिळावेत म्हणून ते खुर्चीत पुढं सरकून बसले.

उत्तर आलं. ‘तुम्ही स्वतः नेली आहे, मग प्रश्नच नाही. रस्त्याच्या बाबतीत तुमचं चुकत नाही. मंजूर.’

धनाजी बघतच राहिले.

असं का झालं हे त्यांना पुढं शकीलनं समजावून सांगितलं, पण त्यांना ते त्या क्षणीच कळलं होतं. हाताजवळ फक्त लिहिलेलं होतं. आणि लिहिण्यात उज्ज्वलानं रस्त्याच्या बाबतीत नवऱ्याला एकदाही खोटं पाडलं नव्हतं. ‘स्वतः पाहिलं’ असं त्यांनी लिहिलं की ती डोळे झाकून मंजूर करायची, कारण ते कधी वावगं लिहीत नसत. लेंडव्याचं भांडण पानावर कधी आलंच नव्हतं. ते भाकरीच्या तव्याशी झालं, कपडे वाळवताना झालं. गाडीत ती होती, हे तिनं हजार वेळा सांगितलं, पण एकदाही लिहिलं नाही. यंत्राच्या लेखी त्या गाडीत ती नव्हतीच.

ती ओळ त्यांनी तिथल्या तिथं खोडायला हवी होती. एका बोटाचं काम होतं. पण त्यांची नजर वरच्या वाक्यावरून हलेना. रस्त्याच्या बाबतीत तुमचं चुकत नाही. सगळ्या संसारात जे एकदाही म्हणाली नाही, ते ती म्हणाली होती. ते तिचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरीही त्यांनी ते पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं. खोडलं तर मंजुरीही जाणार, वाक्यही जाणार.

आजची रात्र राहू दे, सकाळी काढू, असं म्हणून त्यांनी दिवा घालवला.

*

पहाटे वरच्या धरणाचे दरवाजे उघडले.

महादेव शिंगाडे रोज त्या वेळेला वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून टेम्पो डेअरीला न्यायचा. लेंडव्याच्या काठावर येऊन तो थांबला. पाणी फरशीवरून वाहत होतं. एरवी त्यानं गाडी वळवली असती. पण त्यानं मोबाइल काढून पान बघितलं. गुडघाभर पाण्यातून जड गाडी जाते. मंजुरी, उज्ज्वला भोकरे. त्यानं पहिला गिअर टाकला.

फरशी त्यानं पार केली. फरशीवर पाणी गुडघाभरच होतं. पण ठेकेदारानं नवा थर फक्त फरशीवर टाकला होता. पलीकडच्या चढाचा पायथा तसाच खाली राहिला होता. फरशी संपली आणि टेम्पोचं तोंड एकदम पाण्यात गेलं. तिथं छातीभर पाणी होतं आणि ओढ होती. टेम्पो कलंडला, वाहत जाऊन बाभळीला अडकला. माणसांनी दोर टाकून महादेवला ओढून काढलं तेव्हा त्याचा उजवा पाय मांडीपासून चिरडला होता.

धनाजींना चौगुले काकूंकडून कळलं. त्यांनी आधी ती ओळ खोडली. मग सदरा चढवला आणि वळशाच्या रस्त्यानं तालुक्याच्या दवाखान्यात गेले.

महादेवच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. पाय वाचेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. त्यानं धनाजींना ओळखलं. त्यांच्याच गाडीनं तो शाळेत जायचा.

“बसा मास्तर,” तो म्हणाला. एस.टी.च्या माणसाला तो कंडक्टर असो की ड्रायव्हर, मास्तरच म्हणायचा. “बघा काय होऊन बसलं.”

“महादेव, ती ओळ मी लिहिली होती.”

“नाव दिसलं मला. पण मंजूर वहिनींनी केली होती न्हवं? तुमचं एकट्याचं असतं तर मी गेलो नसतो. राग मानू नका. गडीमाणूस काहीही म्हणतो, मी पण म्हणतो. पण त्या बाईनं होय म्हटलं की आमच्या लाइनीत कुणी ब्रेक लावत नाही. सगळे ड्रायव्हर तसंच करत्यात.”

धनाजींनी पलंगाची दांडी धरली. “उज्ज्वला मे महिन्यातच गेली, महादेव.”

महादेवच्या उशाशी बायको बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. महादेवनं विचारलं, “मग इतके दिवस आम्ही कुणाचं ऐकत होतो?”

“माझं चुकलं,” धनाजी म्हणाले.

“चुकलं खरं,” महादेव म्हणाला आणि त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

*

दवाखान्यातून ते सरळ शकीलच्या दुकानात गेले. शकीलनं शटर अर्धं खाली ओढलं आणि यंत्र त्यांच्यापुढं सरकवलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. “आपण दोघांनी मिळून केलं हे, भाऊ,” तो एवढंच म्हणाला.

नोंद करायला खरोखरच एक मिनिट लागत होतं. नाव, नातं, तारीख. नात्याच्या जागी धनाजींनी ‘पती’ लिहिलं. हात बंद करण्याआधी यंत्रानं एक प्रश्न विचारला. ‘या राखणदाराचा एक अपुरा मसुदा शिल्लक आहे. हाताकडून पूर्ण करून घ्यायचा का?’

खाली तिचं वाक्य होतं. ‘फरशीवर यंदा नवा थर टाकला आहे, त्यामुळे खुणेच्या दगडावरची’.

“बघू या तरी,” धनाजी म्हणाले.

हातानं तीन पर्याय दिले. पहिल्यात लिहिलं होतं, लाल रेघ आता वीतभर वर धरावी. दुसऱ्यात लिहिलं होतं, लाल रेघ पूर्वीसारखीच धरायला हरकत नाही. तिसऱ्यात होतं, लाल रेघ आता निरुपयोगी आहे, बांधाची कड बघावी. तिन्ही वाक्यं तिचीच वाटत होती. ठाम, छोटी, एक शब्द जास्त नाही. तिन्हींतलं कुठलंही तिच्या तोंडी शोभलं असतं. पलीकडच्या चढाबद्दल तिन्हींत एक अक्षर नव्हतं.

“यातलं खरं कुठलं?” शकीलनं विचारलं.

“कुठलंच नाही,” धनाजी म्हणाले. “तिला तरी कुठं माहीत होतं? मोजलंच नव्हतं.”

तिला जे माहीत नव्हतं ते तिच्या हातालाही माहीत नव्हतं. फरक इतकाच होता की ती मोजायला जाणार होती.

त्यांनी तिन्ही पर्याय नाकारले आणि हात बंद केला. उज्ज्वलाच्या नावापुढची बारीक खूण गेली. त्या जागी काळ्या अक्षरांत ‘दिवंगत’ आलं. सगळ्या पानांवर एकदमच आलं. माळेवाडीचा पूल, खोतवाडीचा ओढा, तिनं राखलेला प्रत्येक रस्ता. शकीलनं तोंड फिरवलं आणि उगीचच एका फोनची काच पुसत राहिला.

“लेंडव्याचं पान कुणाकडं देऊ?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

“माझ्या नावावर विश्वास ठेवतील लोक?”

“नाही ठेवणार. ते पण बरंच आहे. थांबून बघतील तरी.”

धनाजींनी राखण घेतली. तिचं जुनं वाक्य त्यांनी होतं तसं परत आणलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पुढील सूचनेपर्यंत रस्ता बंद.’ तिचा अपुरा मसुदा त्यांनी पुसला नाही, पुराही केला नाही. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा तेच तीन शब्द लिहिले जे तिनं कधी लिहिले नव्हते. ‘गाडीत उज्ज्वला होती.’ शकीलनं ते वाचलं, पण त्याला त्यातलं काही समजलं नाही.

नंतर केतकीला फोन लावला. नोंद केल्याचं सांगितलं, महादेवचंही सांगितलं. ती बराच वेळ रडली आणि म्हणाली, मी येते. “ये,” धनाजी म्हणाले. “पाणी उतरल्यावर ये. नळी धरायला माणूस पाहिजे.”

लेंडव्याचं पाणी अजून उतरलेलं नाही. नळी आणि मोजपट्टी दाराच्या मागं आहे. खुणेचा दगड, फरशी आणि पलीकडचा चढ यांच्या उंचीतला फरक अजून मोजलेला नाही.